गिरणीवरची चौकशी

मोरीत शिरलेला नाग सुगंधाबाईनं खराट्याच्या दांड्यानं मारला आणि मेल्यावरही ती त्याच्या डोक्यावर दांडा हाणतच राहिली. फडा चेपला, फरशीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. विशाखा आठ महिन्यांच्या उत्पलाला छातीशी आवळून दारात उभी होती. नाग मेल्याचा सुस्कारा सोडायचा, तर तिची नजर त्या हातांवर खिळली होती. हेच हात रोज माझ्या लेकीला तेल लावतात, असं मनात आलं.

"मेला ना आता. बस करा, सुगंधाबाई."

"अर्धा मारून सोडला तं मंग आपली खैर नाई, बाई," असं म्हणून तिनं आणखी एक घाव घातला.

चामोर्शीच्या पुढे, जंगल खात्याच्या लाकूड डेपोला लागून चार क्वार्टरं होती. विशाखाचा नवरा गुणवंत तिथे क्लार्क. बाकीची तीन क्वार्टरं रिकामी. नागपूरला बी. ए. झालेल्या विशाखाला दिवसभर बोलायला एक तान्ही पोर आणि समोर सागाचे ढीग, एवढंच. दोन महिन्यांपूर्वी सुगंधाबाई आपणहून फाटकाशी आली होती. "काम हाये का, बाई?" चाळिशीची, विधवा, हाडापेरानं दणकट. विशाखानं ठेवून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. पोरीची अंघोळ चालू असताना ती दाराच्या फटीतून बघायची. डबे उघडून पाहायची. घरातली चमचाभर साखरही कधी हलली नाही. तरी त्या बाईच्या कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत गेलेला जाडजूड व्रण होता. तो कशाचा, हे विशाखानं तिला कधी विचारलं नाही.

मग उत्पला दूध ओकू लागली. विशाखाचं अंगावरचं दूध आटत चाललं होतं, त्यामुळे डब्यातली पावडर विहिरीच्या पाण्यात कालवून बाटलीनं पाजणं चालू होतं. सुगंधाबाई एकदा बाटलीचा वास घेऊन म्हणाली, "हे उकडत जा, बाई." विशाखाला ते झोंबलं. "मला कळतं," ती म्हणाली.

गुरुवारी गावातल्या गिरणीवर दळण टाकायला गेली तेव्हा तिनं शकुबाईला विचारलं. शकुबाई गिरणीवाल्याची बायको. पट्ट्याच्या फटफटाटात तिला ओरडून बोलायची सवय होती.

"आमच्याकडे येते ती सुगंधाबाई कशी आहे हो? लेकरू भरवशावर सोडावं अशी आहे ना?"

"कोन, मुखरूची भावजय? अवो माय! लेकरावाल्या घरात घेतलं तुमी तिले?"

रांगेतल्या पाच-सहा बायांच्या माना वळल्या.

"का? काय झालं?"

"मुखरूचा पोरगा गेला ना मागच्या बरसातीत. दवाखानावाले हिवताप मनते, मुखरू मनते हिनंच करनी करून खाल्ला. कुऱ्हाडीच्या दांड्यानं कपाळ फोडलं होतं तिचं. देवराव पाटलानं दम देला, साक्षीपुरावा हाये का मनून, तवा सोडलं."

विशाखाच्या माहेरी असल्या गोष्टींना थारा नव्हता. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्याबरोबर अंगारेधुपारेही घराबाहेर काढले. ती ठसक्यात म्हणाली, "तसलं मी काही मानत नाही हं." आणि मग, आईच्या काळजीनं म्हणा, नाहीतर बायांच्या नजरा आपल्यावर आहेत म्हणून म्हणा, तिच्या तोंडून निघून गेलं, "पण ती तेल लावायला लागल्यापासून पोरगी ओकते, एवढं खरं."

तिनं पीठ घेतलं आणि घरी आली.

शनिवारी चामोर्शीच्या डॉक्टरनं बाटली नाकाशी धरली आणि पुढे केली. "हे तुम्ही पिऊन दाखवा." बाटली उकळायला लागल्यावर रविवारी पोर खिदळायला लागली. गिरणीवर जाऊन सांगायला हवं होतं. पण त्या बायांसमोर "मीच घाणेरडी बाटली पाजत होते" म्हणायचं कसं? शिवाय घरात पीठ होतं. नंतर सांगू, असं तिनं ठरवलं.

सोमवारी महाशिवरात्र. देवराव पाटील मार्कंड्याच्या जत्रेला गेलेला, गुणवंत आलापल्लीला लिलावात. आठ वाजून गेले तरी सुगंधाबाई आली नाही. नऊला शकुबाई कुंपणाशी आली, धापा टाकत.

"बाई, बोरिंगपाशी चला! मुखरू तिचे दात पाडून राह्यला!"

"दात?"

"दात पाडले का तोंडातून मंतर निंगत नाई मनते. तुमचं नाव घेऊन राह्यला तो. डेपोवाली शिकलेली बाई साक्ष हाये मनते. मी आली होती, हे सांगू नका कोनाले." आणि ती बांधाआड दिसेनाशी झाली.

उत्पलाला ठेवायचं कुणाजवळ? ज्या एका बाईजवळ ठेवता आलं असतं, तीच तिकडे मार खात होती. विशाखानं पोरीला कडेवर घेतलं आणि ती धावत सुटली.

बोरिंगच्या ओट्याभोवती तीस-चाळीस माणसं होती. मधे जमिनीवर बसवलेली सुगंधाबाई. एकानं मागून केस धरून मान उलटी वाकवलेली. उजवा हात कोपराखाली नको तसा लोंबत होता. हनुवटीवरून रक्त लुगड्यात उतरत होतं आणि समोरचे दोन दात सांडपाण्याच्या नालीत पडले होते. मुखरूच्या मुठीत गोटा होता. तो रडत होता आणि मारत होता.

"माझा पोरगा खाल्ला! आता क्लारकाची पोरगी खाते!"

विशाखाला वाटलं होतं गर्दी अडवेल. उलट लोकांनी अदबीनं वाट दिली. "सरका, सरका. साक्ष आली."

मुखरू वळला. "सांगा, बाई. सगळ्याइले सांगा. तुमची पोरगी ओकत होती का नाई?"

सुगंधाबाईचा एक डोळा सुजून मिटला होता. दुसरा विशाखावर होता.

"ओकत होती," विशाखा म्हणाली. गर्दीतून हुंकार उठला. ती किंचाळली, "पण माझ्यामुळे! मी बाटली उकळत नव्हते! हिनं मला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. डॉक्टरला विचारा. सोडा तिला!"

मग कुणीतरी म्हणालं, "बाईलेबी मंतरानं बांधलं हिनं. जीभ पलटवली."

"मंग दोघींचेबी पाडा दात!" मागून एक जण ओरडला, आणि लोक चक्क हसले.

त्या हसण्यावर मुखरूनं गोटा उचलला. विशाखानं मोकळ्या हातानं त्याचं मनगट पकडलं. त्यानं झटका दिला, ती गुडघ्यांवर आपटली, पण मनगट सोडलं नाही. दुसरं काही सुचलं नाही म्हणून ती चावली. कातडी फाटली, तोंडात खारट रक्त आलं, तरी तिनं जबडा आवळला. मुखरूनं दुसऱ्या हातानं तिच्या कानशिलात हाणली. एका कानात भोंगा वाजल्यासारखं झालं आणि जबडा सुटला. पोर टाहो फोडत होती. मुखरूनं पुन्हा गोट्याचा हात वर नेला.

विशाखानं उत्पलाला कडेवरून उतरवलं आणि सुगंधाबाईच्या मांडीवर ठेवलं.

"मार आता. माझ्या पोरीवरून हात ने आणि मार."

"लेकरू उचला, बाई," मुखरू म्हणाला.

"नाही उचलत. दोन महिने त्याच मांडीवर आहे ती."

उत्पलानं रक्तानं चिकट झालेलं लुगडं मुठीत धरलं, आणखी दोन हुंदके दिले आणि गप्प झाली. रोजची मांडी होती ती. सुगंधाबाईनं धड असलेला डावा हात कसाबसा तिच्या पाठीमागे घातला, पडू नये म्हणून. केस धरणाऱ्यानं केस सोडले. एक बाई डोळ्याला पदर लावून निघून गेली.

मुखरूनं गोटा बोरिंगच्या दांड्यावर फेकला. लोखंड खणाणलं. मग तो ओट्याशी बसला आणि आपलंच कपाळ सिमेंटवर आपटू लागला, एकदा, दोनदा, रक्त येईपर्यंत. तेव्हा कुठे लोक त्याला धरायला धावले.

डेपोच्या ट्रकमधून सुगंधाबाईला चामोर्शीच्या दवाखान्यात नेलं. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा विशाखानं गिरणीवरचं आपलं वाक्य आधी लिहायला लावलं. जमादारानं मान वर करून विचारलं, "हे लिहायलाच पाहिजे का?"

"तिथूनच सुरू झालं."

प्लास्टर घातल्यावर दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. विशाखा म्हणाली, "तुम्ही आता गावात राहू नका. आमच्या मागच्या खोलीत या. मी तुम्हाला कुणाला हात लावू देणार नाही."

सुगंधाबाईनं तोंडातलं रक्त थुंकलं. सुजलेल्या ओठांतून शब्द फुटके येत होते.

"कपायावरच्या घावाचं मले काऊन नाई इचारलं, बाई? मी सांगतली असती."

विशाखा म्हणाली, "चुकलं माझं."

"दोन मयने तुमच्या घरात होती. तुमच्या घरातलं मी कुठी बोलली का?"

"नाही."

"आज लेकरू देलं माझ्या मांडीवर, ते मी मरेतोवर इसरत नाई. पन घरी नाई येत. तुमी उद्या कोनापाशी काय बोलान, मले का मालूम?"

आतून नर्सनं नाव पुकारलं. सुगंधाबाई उठली तशी तिचा तोल गेला. विशाखानं आधाराला हात पुढे केला. तो न घेता, डाव्या हातानं भिंत धरत धरत, ती एकटीच आत गेली.