दोन वेढ्यांचे बंद

मी शिवायला बसलो ते हौसेने नव्हे. तोंडातून शब्द निघून गेला आणि मागे घेता आला नाही, एवढेच.

अक्कम्माच्या घरातली पुढची खोली माझ्याकडे भाड्याने आहे. वाचनालयातली नोकरी संपली, बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हते. माढ्याला परत जावे तर तिथे मला ओळखणारे कोणी उरले नव्हते. म्हणून राहिलो. आजारी पडलो की उंबऱ्यावर ज्वारीच्या पेजेची वाटी येई, वर पानाचे झाकण. सणाला पोळी येई. वाटी कोणी ठेवली ते दिसायचे नाही, फक्त बांगड्यांचा आवाज दूर जाताना ऐकू यायचा. मी वाटी धुऊन परत ठेवत असे. आभार मानावेत असे दरवेळी वाटे, पण पुस्तकांतले आभाराचे शब्द एका वाटीला फार मोठे वाटत, आणि साधे शब्द वेळेवर सुचत नसत.

मागच्या साली मार्गशीर्षात आडावर अक्कम्माचा पाय घसरला आणि उजवा हात मोडला. हाडवैद्याने कामट्या बांधल्या आणि संक्रांत होईपर्यंत हात हलवायचा नाही म्हणून बजावले. दोन दिवसांनी संध्याकाळी मी ओसरीवर वाचत बसलो होतो. आत बोलणे चालले होते.

"गड्ड्याच्या जत्रेला शरणूच्या अंगात काय घालू?" अक्कम्मा म्हणत होती. "मागल्या सालची बाराबंदी दंडात जाईना. शिंप्याकडं गेले तर म्हनतो, संक्रांत झाल्यावर या."

"मग तसाच उघडा नेऊ की," तिचा नवरा शिवलिंगप्पा म्हणाला. तो गिरणीतून नुकताच आला होता आणि नंदीध्वज पेलायच्या सरावाला निघाला होता. यात्रेतल्या त्या उंच काठ्या कमरेच्या पट्ट्यावर उभ्या धरून चालायचे म्हणजे महिनाभर आधीपासून तयारी लागते. "सिद्धरामाला चालतंय."

"आप्पा, त्याला चालंल, मला न्हाय चालायचं," माया म्हणाली. ती त्यांची थोरली, तेव्हा नऊ वर्षांची. "लोक मलाच नावं ठेवत्यात, भावाला उघडा आनला म्हनून."

"मी शिवतो," मी म्हणालो.

 मग तिघेही दारात आले. पाच वर्षांचा शरणू आईच्या पदराआडून बघत होता.

"तुमी, काका?" अक्कम्मा म्हणाली.

"मी… म्हणजे पुस्तके शिवतो ना. वाचनालयात शिवत होतो."

"शरणू पुस्तक हाय व्हय, अज्जा?" मायाने विचारले.

शिवलिंगप्पा मोठ्याने हसला. अक्कम्माने डाव्या हाताने मायाच्या पाठीत हलकी चापट मारली.  माघार घ्यायचे तेवढे राहिले आणि भलतेच बोलून बसलो. "मायालाही एक पोलके शिवतो," मी म्हणालो.

आमच्या माढ्याकडे संक्रांत म्हटली की काळे कापड. सोलापुरात मात्र सिद्धरामाच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला पुरुष आणि पोरे पांढरी बाराबंदी घालतात, छातीवर बंदांनी बांधायचा आखूड अंगरखा. इतकी वर्षे मी तो रस्त्यात पाहत होतो. पाहणे आणि शिवणे यांत किती अंतर आहे ते मांजरपाटाचे कापड मांडीवर घेतल्यावर कळले.

कात्री लावणार तोच आतून अक्कम्माचा आवाज आला. "काका, कापड भिजवलं का?"

"भिजवायचे असते का?"

"अय्यय्यो! आधी भिजवा की! न्हाय तर पयल्या धुन्यात बाहुलीच्या अंगातलं हुईल."

भिजवले, वाळवले. शरणूची जुनी बाराबंदी कापडावर पसरली आणि चारी बाजूंनी वाढवून कापले. मापासाठी दोरा घेऊन शरणूला उभे केले, तर त्याला गुदगुल्या होत. तो हसत खाली बसे आणि माप पुन्हा घ्यावे लागे. साधी सुई माझ्या बोटांना सापडेना, म्हणून पुस्तके शिवायचा दाभण काढला. तो फार जाड निघाला. पुन्हा सुई घेतली. दोरा मात्र माझ्या सवयीचा, मेण लावलेला. टाकेही पुस्तकाचेच घातले, एक पुढे, एक मागे, प्रत्येक ओढून घट्ट केलेला. दिसायला ते चांगले नव्हते. दोनदा उसवून पाहिले, तिसऱ्यांदाही तसेच आले.

बंदांपाशी अडलो. जुन्या अंगरख्याचे बंद केव्हाच तुटून गेले होते. किती लांब ठेवायचे? अक्कम्माला विचारायला हवे होते. पण त्या आठवड्यात तिचा हात ठणकत होता, आणि इतकेही येत नसेल तर पुढे होऊन बोलायचे कशाला, असे तिच्या मनात येईल या भीतीने मी गेलो नाही. मला एकच बांधणे ठाऊक होते, पोथीच्या रुमालाचे. त्याचा नियम असा की बंद पोथीभोवती दोन वेढे फिरला पाहिजे आणि गाठीला उरला पाहिजे. मी शरणूच्या छातीच्या मापाने हिशोब केला, दोन वेढे आणि वर गाठ. मायाच्या पोलक्याला पुढे गाठ मारायचे दोन बंद असतात, तेही त्याच हिशोबाने. अंगरख्याला लावल्यावर बंद लांब दिसले खरे. वाटले, बांधल्यावर बरे दिसतील.

भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी दोन्ही कपडे घडी करून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवले आणि खोलीत येऊन दार लोटून घेतले. पेजेची वाटी ठेवून अक्कम्मा तशीच का निघून जात असे, ते मला तेव्हा कळले.

आधी मायाचा आवाज आला. "आई! ह्ये बंद हायत का बैलाचे कासरे?"

मग शिवलिंगप्पाचा. "बघू, बघू. अगं, रावजीकाकांनी शरणूला पोथी समजून बांदलंय!" आणि त्याचे ते गिरणीच्या भोंग्यासारखे हसणे.

"मी न्हाय घालनार," शरणू म्हणाला. "पोरं शेपूट म्हनतील."

"चूप! ऐकू जातंय तिकडं," अक्कम्मा म्हणाली.

ऐकू गेलेच होते. मी कात्री घेऊन दारात गेलो. "द्या, कापून देतो. चूक माझी आहे."

"सनाच्या तोंडावर नव्या कापडाला कात्री लावायची न्हाय, काका," अक्कम्मा म्हणाली. तिने एका हाताने अंगरखा उलटा केला आणि शिवण बघितली. "ऱ्हाऊ द्या. गुंडाळून बांदू." मग अंगरखा शरणूच्या हातात देत, "उद्या देवाच्या लग्नाच्या अक्षतेला पोरांना तुमीच न्या. त्ये काठीला असनार आन् मी ह्यो मोडका हात घेऊन गर्दीत कशी येऊ?"

गर्दीचे मला भय वाटते. वाचनालयात पाच माणसे एका वेळी आली तरी मी पुस्तकांच्या कपाटामागे जात असे. पण ज्या बाईने माझी ओबडधोबड शिवण हातात घेऊन नावे ठेवली नाहीत, तिला नाही कसे म्हणणार?

"अज्जाला मी नीट नेते," माया म्हणाली.

भोगीच्या दुपारी आम्ही देवळाकडे निघालो. शरणूच्या अंगावर बंदांचे वेढे होते आणि तरीही टोके गुडघ्यापर्यंत लोंबत होती. तो ती दोन्ही मुठींत धरून, मान खाली घालून चालला होता. गल्लीतल्या दोन पोरांनी त्याला पाहून काहीतरी म्हटलेच. त्याने माझ्याकडे वर पाहिले. रागाने नाही, नुसतेच. ते मला जास्त लागले. देवळाच्या तळ्याच्या काठाला गेल्यावर त्याने बंद सोडून टाकले आणि अंगरखा उघडा टाकून चालू लागला.  मी त्याचा मोकळा हात धरला.

सगळे गाव तिथे लोटले होते, पांढरेशुभ्र. नंदीध्वज आले तशी माणसे मागे सरली आणि मागची पुढे रेटली. माझ्या एका हातात शरणू, दुसऱ्यात माया. कोणाचे तरी कोपर लागले, चष्मा नाकावरून निसटला आणि माझे दोन्ही हात आपोआप चष्म्याकडे गेले. चष्मा सापडला. मुले नव्हती.

मी जन्मात कधी ओरडलो नव्हतो. त्या दिवशी ओरडलो. "शरणू! माया!" ओळखीची खूण म्हणून डोळे पांढरा अंगरखा शोधत होते, आणि जिकडे पाहावे तिकडे पांढरे अंगरखेच होते, लहान, मोठे, खांद्यावर बसलेले, पळणारे. मीच टाका टाका घातलेले कापड मला ओळखता येईना. अक्षता पडल्या. लोकांनी जयजयकार केला. तांदूळ माझ्या चष्म्यावर पडले आणि मी ते पुसत, धक्के खात, ज्याला त्याला विचारत फिरलो. अक्कम्मासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू, एवढेच मनात होते. मग तेही राहिले नाही. नुसता शरणूचा तो वर पाहणारा चेहरा दिसत होता.

गर्दी पांगू लागली तेव्हा तळ्याच्या पायऱ्यांकडे दोन मुलांच्या मध्ये काहीतरी पांढरे लोंबताना दिसले, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे. एवढे लांब बंद सोलापुरात दुसऱ्या कोणाचे असणार?

माया पायरीवर बसली होती. शरणू तिच्या शेजारी तोंडात एका बंदाचे टोक धरून चोखत होता. दुसऱ्या बंदाचे टोक तिच्या पोलक्याच्या बंदाला बांधलेले होते.

"कुटं गेला हुता, अज्जा?" हरवलो मीच असल्यासारखी ती माझ्यावर ओरडली. "आमी कवापास्नं हितं हाय."

 मी खालच्या पायरीवर बसलो.

"तुमचा हात सुटला," ती सांगू लागली, "मग मी ह्याचा बंद माज्या बंदाला बांदला. दोन गाठी मारल्या. लोकांनी लई वढलं, अज्जा. ह्यो तिकडं, मी हिकडं. मदी येक म्हातारी आडवी आली, बंदाखालनं गेली. पन तुटला न्हाय."

"मी रडलो न्हाय," शरणू म्हणाला.

"रडलास की!"

"थोडंच."

मी शिवणीला हात लावून पाहिला. कापड ताणले होते, एका बाजूला थोडे फाटलेही होते. टाके जागचे हलले नव्हते. शरणूच्या केसांत अक्षतेचे दाणे होते. ते काढावेत की राहू द्यावेत ते कळेना, म्हणून राहू दिले.

"उठा," माया म्हणाली. "हात करा हिकडं." तिने आपल्या पोलक्याचा दुसरा बंद माझ्या मनगटाला बांधला आणि गाठ दाताने ओढली. "आता तुमीबी हरवायचं न्हाय."

असे आम्ही तिघे एका माळेत घरी आलो. रस्त्यात लोक बघत होते, हसत होते. गल्लीतली ती पोरेही होती. शरणूने मान ताठ केली आणि म्हणाला, "तुमच्याकडं हाय का असला बंद?" एरवी मी अशा वेळी भिंतीकडेने चाललो असतो. लाज त्याही दिवशी वाटली, पण गाठ सोडावीशी वाटली नाही.

घरी मायाने सगळे सांगितले, माझ्या चष्म्यासकट. मी मान खाली घालून बोलणी खायला उभा होतो. अक्कम्माचा चेहरा आधी पांढरा पडला. मग तिने शरणूला डाव्या हाताने जवळ ओढले आणि त्याचा बंद धरून जोराने हिसडा दिला. पुन्हा दिला.

"दोऱ्याला मेण लावले होते," मी म्हणालो. 

"आज हितंच जेवायला बसा, काका," ती म्हणाली. "आत या."

इतकी वर्षे त्या उंबऱ्यावर वाट्या आल्या गेल्या, मी कधी तो ओलांडला नव्हता. शिवलिंगप्पाच्या शेजारी पाट मांडला. मायाने शेंगापोळी वाढली. शिवलिंगप्पाचे खांदे काठीने भरून आले होते, तरी त्याने माझ्या पाठीवर थाप मारली ती मला दोन दिवस जाणवत होती. "पोथी घट्ट बांदली तुमी, काका," तो म्हणाला. या वेळी त्याच्या हसण्यात मीही थोडा हसलो. आणि पोळीवर तूप पडत असताना मला तो साधा शब्द सापडला. मी म्हणालो, "अक्कम्मा, त्या पेजेचं… फार बरं वाटायचं मला."

"कुठल्या पेजेचं?" ती म्हणाली. तिला खरोखरच आठवत नव्हते.

मला अजूनही वाटते की श्रेय मायाच्या डोक्याचे आहे. आखूड बंद असते तर तिने दुसरे काहीतरी बांधले असते. मी फक्त माप चुकलो होतो. तसे मी तिला एकदा बोलूनही दाखवले. तिने ऐकून घेतले नाही.

यंदा अक्कम्माचा हात बरा आहे. तिने दोन्ही कपडे स्वतः शिवले. टाके बारीक, सरळ, पाहत राहावे असे. काल माया ते घेऊन माझ्या खोलीत आली. बाराबंदीला बंद नव्हते. पोलक्यालाही नव्हते.

"आई म्हनली, बंद अज्जा लावतील."

शरणू मागोमाग आला आणि दोन्ही हात पसरून माझ्यासमोर उभा राहिला. तो वाढला आहे. दोरा छातीवरून फिरवताना अजून हसतो, पण खाली बसत नाही.

"आता मोठा झालास," मी म्हणालो. "यंदा एक वेढा पुरेल. बरे दिसेल."

"न्हाय. दोन."

"पोरे हसतील."

"हसू द्या की."

मी मेणाचा खडा शोधायला फडताळाकडे वळलो. माया तिथेच उभी होती, आपले पोलके माझ्या पुस्तकांवर पसरून.

"आन् माझे जरा आनिक लांब ठेवा, अज्जा," ती म्हणाली. "तुमच्या हातापातुर पुरायला पायजेत."