गुणवंतरावांच्या भिंगाची जळजळ

मी एक जुने भिंग आहे. पितळी कडा, लाकडी मूठ आणि काचेवर एक बारीक ओरखडा. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव मुळात चांगला आहे. पण टॅबलेटचे नाव काढले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. का, ते ऐका.

एका कारागिराने माझी काच घासून घासून मला घडवले. शहरातल्या कमानिया गेटजवळच्या चष्म्याच्या दुकानातून गुणवंतरावांनी मला घेतले. ते संरक्षण खात्याच्या कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करीत. स्क्रूचे आटे, पोलादाला गेलेला केसाएवढा तडा, सारे ते माझ्यातून पाहत. "गुणवंतच्या भिंगानं पास केलं ना? मग चलो, पुढे!" असे सोबतचे लोक म्हणत, आणि मी फुगून जाई.

निवृत्तीनंतर राइट टाउन भागातल्या घरीही माझाच थाट होता. वर्तमानपत्र असो, औषधाच्या बाटलीवरची तारीख असो की बोटात रुतलेला काटा, घरात आधी माझी शोधाशोध व्हायची.

मग त्यांच्या मुलाने, अनुपमने, वाढदिवसाला टॅब आणला. "बाबा, भिंगाची झंझट खतम! दोन बोटांनी अक्षर मोठं करा."

आणि तसे झालेही. मी कितीही चिडले तरी खोटे कशाला बोलू? त्याला स्वतःचा उजेड आहे, मला खिडकी लागते. तो मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. गुणवंतरावांची लेक विनता इंदूरला असते, तिच्याशी तो समोरासमोर बोलणे घडवतो. माझ्यातून फार तर तिच्या फोटोतले नाक मोठे दिसायचे! पण त्याचे नखरे काय कमी? रोज त्याला चार्जिंगला लावा, वाय-फाय गेले की तोंड फिरवतो, बातमीच्या मधेच साड्यांच्या जाहिराती दाखवतो, आणि मांडीवर धरून मान आखडते ती वेगळीच. मी कधी कुणाकडे काही मागितले होते का? तरी कौतुक त्याचेच. त्याला मखमली कव्हर, आणि मला खणात सुतळीचा नि गंजक्या किल्ल्यांचा शेजार. मी जळत होते, लपवत नाही.

खण थोडा उघडाच राही. त्या फटीतून मी पाहत असे. पडद्यावरची अक्षरे मोठी मोठी होत चालली होती. आधी पानभर मजकूर, मग चार ओळी, मग एकच शब्द. घरचे म्हणत, "बाबा काय भराभर शिकले!" माझ्यातून दिसेनासे झाले असते, तर गुणवंतरावांनी तेव्हाच कुणाला तरी हाक मारली असती. टॅब मात्र हूं की चूं न करता अक्षर वाढवत राहिला.

एका सकाळी त्यांनी खण उघडला आणि मला हातात घेतले. जिंकले मी, असे वाटले! पण त्यांनी मला चक्क त्या टॅबवर धरले. पडद्यावर एकच शब्द होता, 'विनता'. माझ्यातून नुसते रंगीत ठिपके दिसू लागले.

तेवढ्यात सून प्रतिमा चहा घेऊन आली.

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही? टॅबवर भिंग काहून?"

"काही नाही गं. जरा धूसर दिसून राहिलं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल. अनुपमनं एवढ्या हौसेनं आणला. याच्यातही दिसत नाही, हे त्याला कसं सांगू?"

प्रतिमाने चहाचा कप बाजूला ठेवला. मग डोळे पुसून म्हणाली, "चलो, उठा. आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ."

मोतीबिंदू पार पिकला होता, हे ते परत आल्यावर खणातच माझ्या कानावर आले. इतके दिवस घरात कुणाच्याच कसे लक्षात आले नाही, असे डॉक्टरांनी सुनावले. अनुपमने लगेच शस्त्रक्रियेची तारीख ठरवली. शस्त्रक्रिया झाली. आता गुणवंतराव साध्या चष्म्याने वर्तमानपत्र वाचतात. मी परत खणात आहे. टॅब मात्र विनताशी बोलायला रोज संध्याकाळी बाहेर निघतो, आणि माझी जळजळ काही जात नाही.

मित्रांनो, घ्या टॅब, खुशाल घ्या. मी कोण अडवणार? पण घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात तो देऊन मोकळे होऊ नका. अधूनमधून त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा, "दिसतं ना नीट?" एवढे विचारायला मला तोंड नाही. त्या मेल्याला तोंड आहे, पण तो विचारत नाही.