धम्मशीलेच्या मापाची सीट

मी सीट बोलतेय. या, बसा. माझ्यावर मात्र नको, मी आता एकाच माणसाच्या मापाची आहे. तुम्ही त्या टायरवर टेका.

माझ्या गाडीला छत नाही, दारं नाहीत, समोरची काच वीतभर. लोखंडी पाइपांचा सांगाडा, एका जुन्या लहान गाडीचं इंजिन आणि बसायला मी. इतकी हलकी गाडी की सहा जणांनी हात लावला तर उचलून बाजूला ठेवतील. मेहकरात बघायला येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" मग वाकून मला तळहाताने दाबतो आणि पारख केल्यासारखी मान हलवतो. सीट तळहाताने कळत नाही. पण माणसांना तशी सवय आहे. मीही त्या सवयीला एकदा फसले होते.

माझा जन्म काळीपिवळी जीपमधला. मेहकर ते लोणार, बावीस वर्षं. ड्रायव्हर होते महादेवराव. त्यांच्या उजव्या अंगाला, दाराशी, रोज आणखी एक गिऱ्हाईक बसायचं. त्यामुळे महादेवराव अर्धे माझ्यावर आणि अर्धे गिअरच्या दांड्यावर. बसताना हळूच म्हणायचे, "चाल माय." त्यांनी बसून बसून माझ्यात डावीकडे कललेला एक खळगा केला. तेवढ्या खळग्यात ते सुखी होते. दुसरा कोणी बसला की दहा मिनिटांत कंबर धरायचा.

पुढे महादेवरावांचे गुडघे गेले आणि जीप भंगारात निघाली. मी राजकुमारच्या गॅरेजसमोर लिंबाखाली आले. चहा प्यायला येणारे माझ्यावर बसत, बिडीची राख झटकत. एका कोंबडीने दोनदा अंडी घातली. तक्रार नव्हती. पण ज्याला चालणं माहीत आहे, त्याला लिंबाची सावलीही जड होते.

राजकुमार सहा फुटी गडी. हाताला गुण आहे, तोंडाला लगाम नाही. त्याच्याकडे धम्मशीला चार वर्षांपासून काम करते. आयटीआय झालेली, सहदेव आणि सिंधूताईंची मुलगी, उंचीला पाच फुटांना दोन बोटं कमी. ही गाडी दोघांनी मिळून बांधली. सांगाडा त्याचा, इंजिन तिचं. गाडी हलकी ठेवायची म्हणून त्यांनी मला सोलून काढलं. स्प्रिंगा गेल्या, काथ्या गेला, महादेवरावांचा खळगा गेला. उरला पत्रा आणि वर पातळ गादी. मागेपुढे सरकायच्या पट्ट्याही नकोत, वजन वाढतं, म्हणून चार बोल्टांनी मला राजकुमारच्या मापाने पक्कं बसवलं.

जालन्याकडे एका मैदानावर अशा गाड्यांची शर्यत होती. एकेका गाडीने एकटीने धावायचं, घड्याळाशी. एका गाडीला एकच ड्रायव्हर. राजकुमार चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर बोलून गेला, "शनिवारी जिनिंगच्या पटांगणात ट्रायल घेऊ. ज्याचा टाइम कमी, गाडी त्याच्या हातात. मंग तो मी असो का धम्मी."

त्याला वाटलं होतं की तो बोलून काही गमावत नाही. धम्मशीलेने मात्र त्या रात्री घरी सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून सिंधूताई डबा द्यायला आल्या की गाडीकडे टक लावून बघत.

बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या सिमेंटच्या पटांगणात तेलाचे रिकामे डबे ठेवून त्यांनी वळणं केली. राजकुमारला फेरीला एक मिनिट चार सेकंद लागत. धम्मशीलेला एक मिनिट सात. तिचे पाय पेडलला जेमतेम पोचत, पाठ माझ्यापासून चार बोटं सुटलेली. पाठीमागे ती घडी घातलेली गोधडी ठेवी. वळण आलं की गोधडी एकीकडे, ती दुसरीकडे.

बसस्टँडजवळ कडूबाचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या सीटा, ताडपत्र्या शिवतो. सत्तरी ओलांडलेला, कमी बोलणारा म्हातारा. त्याची शिलाई मशीन बंद पडली होती ती धम्मशीलेने एका दुपारी चालू करून दिली, तेव्हापासून पोरीवर त्याचा जीव. तिची अडचण ऐकून तो स्वतःच गॅरेजला आला.

"लेकीला टोचलं नाही पाह्यजे," एवढंच म्हणाला आणि मला घेऊन गेला.

त्याने माझ्यावर चार बोटं जाडीचा मऊ फोम चढवला. वर लाल चकचकीत रेक्झिन, कडेला पांढरा गोट. इतकं नटवलेलं मला आयुष्यात कोणी नव्हतं. गॅरेजमधल्या सगळ्यांनी तळहाताने दाबून पाहिलं. "बाप्पा! काय मऊ हाय!" मीही फुगले.

मग धम्मशीला बसली आणि गाडी निघाली.

पहिल्याच वळणावर ती रेक्झिनवरून घसरली. तोल सावरायला तिने स्टेअरिंग घट्ट धरलं, आणि जे हात गाडी वळवायला हवेत ते अंग सांभाळायला लागले. ब्रेक दाबला की ती फोममध्ये रुतायची. गाडीचं मागचं चाक सुटतंय, पकडतंय, हे खालून माझ्यापर्यंत येत होतं. ते ड्रायव्हरच्या पाठीला सांगणं हेच तर माझं काम. पण फोमने माझं तोंड दाबलं होतं. मी ओरडत होते, तिला काही ऐकू जात नव्हतं.

एक मिनिट नऊ सेकंद.

राजकुमार हसला. "धम्मे, गाडी चालवून राह्यली का स्टेअरिंगले लोंबकळून राह्यली बे?"

ती खाली उतरली. "राजूभाऊ, गाडी मले काहीच सांगून नाही राह्यली," एवढंच बोलली आणि हेल्मेट माझ्यावर ठेवून पाणी प्यायला गेली. ट्रायलला दोन दिवस उरले होते.

कडूबा भिंतीशी उभा होता. तो सावकाश तिच्याकडे गेला. "कुठी दुखते?"

"नाही दुखत आबा. छान झाली सीट."

"मले खोटं नको सांगू. कुठी?"

तिने उजवा खांदा मागे वळवून दाखवला. पाइपावर आपटून काळानिळा झाला होता. कडूबाने वाकून तो खांदा नीट पाहिला.

"माह्या हौशा बैलाचा असाच खांदा सुजून आला होता," तो म्हणाला. "मी तवा नवा होतो. मले दया आली. मी जुवाले चिंध्या गुंडाळल्या, मऊ लागावं म्हणून. चार दिवसांत खांदा सोलून निघाला. बाप म्हणे, येड्या, जू मऊ नाही पाह्यजे, जू त्या खांद्याचं पाह्यजे. मंग सुताराकडून हौशाच्या मापानं जू तासून आणलं. लाकूडच होतं, पण बैल खुशीनं मान द्यायचा." मग तो पुढे म्हणाला, "पाह्य, त्या वयात केलेली चूक मी या वयात परत केली. पाहुणी बसवायची तशी गादी शिवली तुह्यासाठी. तू काय पाहुणी हायस?"

लाल रेक्झिन त्याने स्वतःच्या हाताने उसवलं. मला वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल. पण फोम निघाला तसा मला पुन्हा वारा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पाटीभर काळी माती घेऊन आला. पोळ्याला मातीचे बैल करतात तशी मळलेली. माझ्यात प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर माती थापली, आणखी एक कागद टाकला.

"काऊन हो आबा, पोळा आला का?" राजकुमार गाडीखालून ओरडला.

"तू आपले नट पाह्य," कडूबा म्हणाला. मग धम्मशीलेला, "बैस. पाय पेडलवर, हात चाकावर. जशी चालवतेस तशी. हलू नको."

"किती वेळ?"

"माहा चहा होईपर्यंत."

कडूबा चहा फार सावकाश पितो. तोवर माती थंड, जड, माझ्या आणि तिच्या मध्ये पसरत गेली. जिथे तिची कंबर आत जाते तिथे माती उभी राहिली. जिथे मांडी टेकते तिथे दबली. महादेवरावांच्या खळग्याला बावीस वर्षं लागली होती. धम्मशीलेचा एका चहात झाला.

मग कडूबाने कडक, दाट फोमचे तुकडे त्या ठशाप्रमाणे तासून, थरावर थर चिकटवले. कंबरेला भर, बरगड्यांना दोन्हीकडून आधार, मांडीखाली चढ. पाठ इतकी पुढे आली की तिचे पाय पेडलवर पूर्ण टेकले. टाचेखाली सागाची फळी. वर रेक्झिन नाही, जाडं खरखरीत कापड, घसरू न देणारं. आणि हे सगळं दोन पट्ट्यांनी काढता-घालता येईल असं, म्हणजे राजकुमार बसेल तेव्हा मी त्याची.

शिवून झाल्यावर कोणी दाबून पाहिलं आणि म्हणालं, "हे तर दगड हाय."

कडूबाने मान वर केली नाही. "तुले कुठी बसायचं हाय?"

शनिवारी राजकुमार आधी धावला. एक मिनिट चार. नंतर माझ्यावर ती नवी बैठक चढली, धम्मशीला आत उतरली, पट्टा ओढला. आमच्या दोघींत बोटभर जागा उरली नाही. पहिलं वळण आलं, मागचं चाक किंचित सुटलं, मी सांगितलं, आणि तिने ऐकलं. हात मोकळे, पाय टेकलेले, खांदा पाइपापासून लांब. सगळी वळणं अशीच गेली. मी बोलत होते आणि ती होकार देत होती.

एक मिनिट दोन.

राजकुमारने घड्याळ हलवून पाहिलं. "घड्याळ अटकलं असंन. परत मार."

तिने परत मारली. पुन्हा एक मिनिट दोन.

राजकुमारने घड्याळ खिशात घातलं, डोक्यावरचं हेल्मेट काढून ठेवलं आणि तिच्या बैठकीत बसायला गेला. त्याचे खांदे मध्येच अडकले. दोघांनी त्याला हात धरून ओढून काढलं, तेव्हा पटांगणभर हसू फुटलं, त्याचंही. "नाही बाप्पा," तो म्हणाला, "हे आपलं माप नाही." मग अंग झटकत, "उद्या तूच चालव धम्मे. मी बोललो ते बोललो."

धम्मशीला उभी होती, ती खाली बसली. कडूबा तिच्याकडे न बघता सुया गोळा करत राहिला, पण एकच सुई त्याने तीनदा डबीत ठेवली.

संध्याकाळी तो वाटीत हळद आणि तूप घेऊन आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे असे चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. माझ्या दोन्ही खांद्यांवर त्याने बोटांनी हळूहळू चोळलं.

"आबा, डाग पडन ना," धम्मशीला म्हणाली.

"पडू दे. हौशालेही पडे." मग वाकून, फक्त मला ऐकू येईल असं तो म्हणाला, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

आज रविवार. सकाळी पिकअपवर दोरांनी बांधून आम्हाला आणलं. देऊळगाव राजाच्या चौकात लोकांनी थांबून पाहिलं. आता मी मैदानावर रांगेत तिसरी आहे. शेजारच्या गाड्यांच्या सीटा विकतच्या, देखण्या. एकाने आताच मला तळहाताने दाबलं आणि नाक मुरडलं. दाबू दे.

तुमच्याकडे एकच मागणं. कोणासाठी काही शिवाल, घडवाल, अंथराल, तेव्हा आधी हाताने दाबू नका. आधी विचारा, कुठे दुखतं. आणि 'नाही दुखत' म्हटलं तर आणखी एकदा विचारा.

आमच्या गाडीचा नंबर पुकारला. धम्मशीला हेल्मेटचा पट्टा लावत येतेय. तिने माझ्या हळदीच्या डागावर हात ठेवला, पाय आत टाकला.

"चाल माय," ती म्हणाली. हे शब्द तिला कोणी शिकवले, ठाऊक नाही.

जरा बाजूला व्हा आता. आम्ही निघालो.