सागरकन्येचा हात

केदारखेड्याच्या मारुतीपुढं त्या दिवशी बाजारापेक्षा मोठी गर्दी होती. मधोमध पितळी परात, परातीत पाणी, पाण्यावर तरंगणारं एक फळकूट आणि फळकुटावर हाडांचा हात. पाच बोटं पसरलेला, धुरानं पिवळा पडलेला. परातीला चिकटून भगव्या कफनीतले सागरनाथबाबा मांडी घालून बसले होते.

"समुद्रमंथनात लक्ष्मी वर आली, हे तुम्हाला ठाऊकच आहे," बाबा सांगत होते. "तिच्या मागून धाकटी बहीण येत होती. तेवढ्यात देवांनी दोरी सोडली. बिचारीचा हात तेवढा बाहेर राहिला. तोच हा."

उरलेली बहीण कुठं गेली, हे कुणी विचारलं नाही. निजामाच्या राज्यातल्या या गावानं समुद्र पाहिलेला नव्हता. तिकडून आलेलं काहीही इथं खपत असे.

त्या उन्हाळ्यात गावात हगवणीची साथ होती. लेकरं दगावत होती. गावातल्या पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याच्या भावाचं पोरही गेलं होतं. हे कुणाच्या नजरेनं झालं, ते आता हात दाखवणार होता. बायकांना परातीभोवती बसवलं. बाबा पुटपुटले आणि कुणी शिवलेलं नसताना हात हळूहळू फिरला. बोटं सगुणाबाईसमोर येऊन थांबली.

सगुणाबाई म्हणजे पुंजारामची बायको. आदल्याच दिवशी ती चारचौघींत म्हणाली होती, "लेकरायला बाबाचा अंगारा चाटवू नका, पेज पाजा." ते बाबांच्या कानावर गेलं होतं.

"म्या काय केलं?" तिनं विचारलं.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. पुंजाराम खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

संध्याकाळी तिचं अंथरूण शेतातल्या गोठ्यात गेलं. ते पुंजारामनंच नेऊन टाकलं; लेकरं मात्र घरातच ठेवून घेतली. विहीर तिला बंद झाली. पूर्णा नदीच्या वाळूत पाझराचा खड्डा, झिरा, खणून ती वाटीवाटीनं घागर भरायची. ज्यांच्या बाळंतपणात तिनं रात्री जागवल्या होत्या, त्या बाया तिला पाहून वाट बदलायच्या.

मग जनावरांत रोग शिरला आणि सरकारी गुरांचे डॉक्टर निजामोद्दीन सुया टोचायला आले. लोक त्यांना सलोत्रीसाहेब म्हणत. येऊन पाहतात तर बैलांची रांग मारुतीपुढं.

"पाटील, बैल इथं कशाला?"

"हात फिरवून घेऊन राह्यलो, साहेब," धर्मराज पाटील म्हणाले. "मंग तुमची सुई."

साहेब परातीशी उकिडवे बसले. बराच वेळ त्यांनी हात न्याहाळला.

"पाटील, तुमच्या मधल्या बोटाला पेरं किती?"

"तीन."

"अब देवीची मोजा."

पाटील वाकले. मोजता मोजता थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. "सात भरून राह्यलीत," ते हळूच म्हणाले.

"मुंबईला शिकत होतो तेव्हा कॉलेजात असा सांगाडा होता. हा समुद्रातल्या जनावराचा पर आहे, पोहायचा पंख. डॉल्फिन म्हणतात त्याला. दिसतो माशासारखा, पण हवा घ्यायला वर येतो, पिल्लाला दूध पाजतो. पर सोलला की आत बराबर आपल्यासारखी पाच बोटं. पिल्लू नवं जन्मलं की आई त्याला ढुशी देऊन पाण्यावर आणते, पहिला श्वास घ्यायला. नावेजवळ येऊन खेळतो बिचारा. माणसाला भीत न्हाई."

"मंग ह्यो फिरतो कसा?" गर्दीतून पुंजारामनं विचारलं.

"बाबा, जरा मागं सरका."

"देवीसमोरून हलायचं नसतं," बाबा म्हणाले.

दोघांनी त्यांना धरून मागं ओढलं. आता परातीतला हात जागचा हलेना. साहेबांनी खिशातला चाकू काढून बाबांच्या गुडघ्याजवळ नेला. चाकू कफनीला चिकटून बसला. कफनीखाली गुडघ्याला लोहचुंबक बांधलेलं निघालं आणि फळकुटाच्या पोटात मेणानं बुजवलेला लोखंडी खिळा. गुडघा वळेल तिकडं खिळा वळे, खिळ्यासोबत देवी.

बाबांना चौकीवर नेलं. माणसं आपापल्या बोटांकडं पाहत उभी होती. इतके दिवस तो हात सगळ्यांच्या समोर होता आणि मोजायला कुणालाही शाळा लागत नव्हती.

पुंजाराम नदीवर गेला. सगुणाबाई झिऱ्यापाशी वाकलेली होती.

"घरी चल," तो म्हणाला. "त्यो हात खोटा निघाला. जनावराचा व्हता."

तिनं वाटी घागरीत रिकामी केली.

"आन खरा निघाला असता तर?"

पुंजारामनं घागर उचलायला हात पुढं केला; तिनं ती स्वतःच कमरेवर घेतली. लेकरांसाठी ती घरी आली. गावच्या विहिरीवर मात्र ती पुन्हा कधी गेली नाही, आणि 'ये' म्हणायला कुणाची जीभही उचलली नाही.

चमत्कार दिसला की आधी मोजा, हलवून पाहा, प्रश्न विचारा. उलगडा होईल. पण एखादे वेळी नाहीच झाला, खिळा सापडला नाही, सलोत्रीसाहेब आले नाहीत, तरी शेजारच्या बाईचं पाणी तोडायला तेवढं कारण पुरत नाही. केदारखेड्याला हे ठाऊक असायला हवं होतं. तुम्हाआम्हालाही.