गेटच्या आतला कॅमेरा

चाकणच्या त्या कंपनीत मिनलला तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे अपडेटवाली. कामच तसं होतं तिचं. कंपनीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये कंपनीचं ॲप घालायचं, ते वेळोवेळी नवं करायचं आणि वर लोकांच्या शिव्या खायच्या. गेटच्या आत शिरलं की ते ॲप फोनचा कॅमेरा बंद करायचं, बाहेर पडलं की पुन्हा चालू. आधी वॉचमन लोक कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवत. पण स्टिकर हळूच काढून पुन्हा चिकटवता येतो, हे शोधून काढायला आपल्या माणसांना कितीसा वेळ लागणार? बाजारात न आलेल्या गाडीच्या पार्टचा फोटो कुणीतरी गावभर फिरवला आणि मग हे ॲप आलं.

मिनलचा धाकटा भाऊ समाधान त्याच कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता, पार्ट तपासायच्या लाइनवर. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कंपनीने अशी बरीच मुलं घेतली होती आणि ती गप्पा मारत नाहीत म्हणून सुपरवायझर खूश होते. समाधान गप्पा मारत नाही असं म्हणणारा माणूस भोसरीला त्यांच्या खोलीवर कधी आलेलाच नसणार. त्याची आणि आईची, सरूबाईची, हातांनी अखंड बडबड चालायची. शाळेतल्या खुणा तो नंतर शिकला. आईबरोबरच्या खुणा त्याआधीच्या, दोघांनी घरातच जमवलेल्या. मिशीवरून बोट फिरवलं की बाप. हनुवटीला दोन बोटं लावली की समाधान. तळहात स्वतःकडे ओढला की ‘समोर ये’. मिनलला त्यातलं निम्मं कळायचं आणि त्याच्याही निम्मं करता यायचं. वडील, विलास, परभणीकडचे. ते म्हणायचे, “मायलेकराचं काय गुळपीठ चालू असतंय, आपल्याला काय बी कळंना.”

कंपनीच्या कँटीनमागे भिंतीला लागून एक जागा होती. भिंतीपलीकडे रस्ता. तिथे उभं राहिलं की ॲपची फसगत व्हायची. त्याला वाटायचं, फोन गेटबाहेर गेला. कॅमेरा चालू व्हायचा. ही जागा समाधानला कशी सापडली कोण जाणे, पण रोज जेवणाच्या सुट्टीत तो तिथून आईला व्हिडिओ कॉल करायचा. मिनलला हे ठाऊक होतं. ॲपमधला तो दोष दुरुस्त करणं तिचंच काम होतं आणि तिने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

मग ऑडिट आलं. गाड्या बनवणाऱ्या बड्या कंपनीची माणसं तपासणीला येणार, म्हणून सगळ्यांची पळापळ सुरू झाली. मिनलच्या शेजारी बसणारा ज्योतीराम एक दिवस हसत हसत म्हणाला, “मॅडम, त्यांनी कँटीनमागं फोन काढून बघितला तर? का आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं?”

तो हसत बोलला, पण लागायचं ते लागलंच. मिनल साहेबांकडे गेली. न ऐकू येणाऱ्या मुलांना सूट द्या म्हणाली. “त्यांना कॅमेरा म्हणजे तोंड आहे, सर.” साहेब वाईट माणूस नव्हता, घाईतला माणूस होता. “ऑडिट होऊ दे, मग बघू,” म्हणाला. आणि मिनल, इथे तिचा राग येतो, “ठीक आहे सर” म्हणून परत आली. भांडली असती तर? पण नोकरीत शहाणी म्हणवून घ्यायची सवय लागली की भांडण जमत नाही माणसाला.

शनिवारी संध्याकाळी तिने नवं अपडेट सोडलं. कँटीनमागची जागा बंद झाली. लोक ‘नंतर’ दाबून टाळतात, म्हणून यावेळी तिने आणखी एक केलं. ॲपमध्ये काहीही बदललं की फोन कुणालाही न विचारता स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होईल, अशी सोय करून ठेवली. समाधानला रविवारी निवांत सांगू, असं तिने ठरवलं होतं.

रविवार निवांत गेलाच नाही. सकाळीच सरूबाईंना धाप लागली. वर्कशॉपमध्ये पार्ट घासून घासून छाती आधीच खराब झालेली, त्यात ताप. दुपारपर्यंत त्या दवाखान्यात होत्या, तोंडावर ऑक्सिजनचा घट्ट मास्क. त्या धावपळीत अपडेट मिनलच्या डोक्यातून पार निघून गेलं.

सोमवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, थोडा आराम आहे. समाधानला कामावर जायचं नव्हतं. ऑडिटच्या आठवड्यात दांडी मारली तर कॉन्ट्रॅक्ट पुढे सरकणार नाही, हे त्यालाही कळत होतं, तरी तो पलंगाचा कठडा सोडेना. शेवटी मिनलनेच त्याला समजावलं. काही खुणांनी, काही फोनवर लिहून. “तू जा. जेवणाच्या सुट्टीत मी आईला दाखवते. रोजच्यासारखं.” सरूबाईंनीही हात हलवून जा म्हटलं. तो गेला.

दुपारी सरूबाईंचा श्वास पुन्हा बिघडला. डॉक्टरांनी मिनलला बाजूला घेतलं. “नळी टाकावी लागेल. मग झोपेचं औषध देणार, म्हणजे शुद्ध राहणार नाही. कुणाला भेटवायचं असेल तर आत्ताच भेटवा.”

मास्कमुळे सरूबाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी हनुवटीकडे दोन बोटं नेली. मास्क आडवा आला, तशी बोटं मास्कलाच लावली. समाधान.

“लावते, आई, लावते,” मिनल म्हणाली. सुट्टीचीच वेळ होती. तो कँटीनमागे उभाच असणार. तिने कॉल लावला आणि त्याने लगेच घेतला. तिने फोन आईसमोर धरला.

पडदा काळा होता.

मिनलला वाटलं, रेंज नसेल. तिने फोन थोडा हलवला. तिकडून कँटीनचा आवाज येत होता, ताटांचा, रस्त्यावरच्या ट्रकचा. रेंज चांगली होती. आणि मग तिला आठवलं. शनिवारचं अपडेट.

समाधानला आई दिसत होती. आईला समाधान दिसत नव्हता.

सरूबाईंनी तळहात स्वतःकडे ओढला. समोर ये. थांबल्या, पडद्याकडे बघितलं, पुन्हा ओढला. समोर ये. तो रुसलाय असं त्यांना वाटलं असावं. सकाळी त्याला हट्टाने धाडलं होतं ना. मग त्यांनी पालथा हात उताणा केला, म्हणजे ‘का?’ विलास खाली वाकून म्हणाले, “सरू, फोन बिघडलाय त्याचा. तो बघायलाय तुला. बघायलाय.” त्यांनी मान डोलावली, पण हात काही थांबला नाही. समोर ये.

मिनलने वडिलांच्या फोनवरून ज्योतीरामला गाठलं. “समाधानच्या फोनला सूट दे. आत्ता.”

“साहेबांना विचारल्याशिवाय...”

“माझ्या नावावर कर! आई चाललीय रे माझी.”

त्याने पुढे एक शब्द विचारला नाही. “झालं, मॅडम,” म्हणाला. आणि त्याच क्षणी मिनलच्या हातातला कॉल तुटला. बदल पोचला होता. समाधानचा फोन, त्याला न विचारता, स्वतःच बंद झाला होता. आई निदान त्याला दिसत तरी होती; तेही गेलं.

मिनल पुन्हा पुन्हा कॉल लावत राहिली. सिस्टर म्हणाली, “ताई, आता बाजूला व्हा,” आणि पडदा ओढला. फोन लागला तेव्हा समाधानचा चेहरा अगदी स्वच्छ दिसला, घामाने भिजलेला, दोन्ही हात भराभर चाललेले. त्याच्यासमोर आता हिरवा पडदा होता.

बुधवारी सरूबाई गेल्या. मधे त्यांना शुद्ध आली नाही. समाधान दोन्ही संध्याकाळी काचेबाहेर उभा राहून मिटलेल्या डोळ्यांशी हातांनी बोलत होता. येणारे-जाणारे बघत होते, त्याला त्याचं भान नव्हतं.

जलदान विधी झाला, पाहुणे पांगले. त्या संध्याकाळी समाधान डांगे चौकातल्या मोबाइलच्या दुकानात जाऊन आला आणि त्याने मिनलपुढे आपला फोन ठेवला. त्यावर लिहिलं होतं, “दुकानदार म्हणतो कॅमेरा चांगला आहे. मग मला का जमलं नाही? मी शर्टाने पुसला होता. सरळ धरला होता.”

इतके दिवस तो स्वतःलाच दोष देत होता. मिनलला खोटं बोलता आलं असतं. फोनचं काय, त्याच्या नावावर काहीही खपतं. पण भाऊ समोर बसला होता आणि तिच्याने ते झालं नाही. तिने लिहिलं, “मी बंद केला होता. शनिवारी. तुला सांगायचं राहिलं.”

त्याने वाचलं. मग लिहिलं, “मी तिथून आईशी बोलतो, तुला माहीत होतं?”

“हो.”

तो फोन उचलून बाहेर गॅलरीत गेला. विलासनी विचारलं, “काय म्हणतोय गं पोरगा?”

ऑडिट उत्तम पार पडलं. साहेबांनी मिनलचं सांत्वन केलं आणि न ऐकू येणाऱ्या सगळ्या मुलांना कॅमेऱ्याची सूट देणाऱ्या कागदावर सही केली. वरातीमागून घोडं, पण आलं एकदाचं. आता ती मुलं कँटीनमध्ये बसून घरच्यांशी हातांनी खुशाल बोलायची आणि मिनल वरच्या मजल्यावरून त्यांच्याकडे बघत राहायची. घरी समाधान तिच्याशी वागायचा नीट. ताट वाढायचा, बसला उशीर झाला तर गाडीवरून सोडायचा. फक्त बोलत नव्हता. ती हात हलवायला लागली की मान खाली घालायचा. आणि खुणांचं असं आहे की समोरच्याने बघितलं नाही तर बोलणारा मुका होतो.

एक दिवस ती रजा घेऊन घरीच होती; त्याच्या जेवणाच्या सुट्टीत न राहवून तिने त्याला व्हिडिओ कॉल केला. तो घेणार नाही असंच तिला वाटत होतं. त्याने घेतला. कँटीनमागे भिंतीला टेकून तो एकटाच उभा होता. चेहरा अगदी स्पष्ट दिसत होता, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिला आईच्या निम्म्या खुणाही येत नव्हत्या, तरी तिने दोन्ही हात वर केले आणि चुकत-माकत म्हटलं, माफ कर.

त्याने तिच्याकडे बघितलं. मग त्याचा अंगठा पुढे आला, कॅमेऱ्यावर टेकला आणि पडदा काळा झाला.

फोन त्याने कापला नाही. कँटीनचे आवाज येत होते, ताटांचे, ट्रकचे. मिनल हात वर धरून तशीच बसून राहिली. तो तिकडून तिला बघत होता की नाही, हे कळायला तिच्यापाशी काहीच मार्ग नव्हता.