बसका हॉर्न

दिवाळीच्या पाडव्याला पाच दिवस उरले होते, तेव्हा ज्ञानू गवळी मोटारसायकल ढकलत गंगावेशीत त्र्यंबकरावांच्या दुकानापाशी आला. दुकान म्हणजे एक खोली. पुढे विजेच्या सामानाची दुरुस्ती, मागे स्टोव्ह आणि खाट. आई गेल्यापासून त्र्यंबकराव तिथे एकटेच. गिऱ्हाइकाशी कामापुरतं बोलायचं आणि उरलेला दिवस गप्प राहायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

गाडी त्यांनी लांबूनच ओळखली. ज्ञानूचा थोरला भाऊ बाळासो, त्यानं महायुद्ध संपल्यावर ती मिलिटरीच्या लिलावात घेतली होती. रोज संध्याकाळी धार काढून झाली की तो दारात येऊन हॉर्न दाबायचा. आवाज बसका, घसा धरल्यासारखा. त्र्यंबकराव दुधासाठी तांब्या घेऊन बाहेर यायचे आणि म्हणायचे, "बाळासो, हा हॉर्न एकदा नीट करून देतो."

"आसू द्या की, पंत. तुमाला ऐकू येतंय, मोगरीला ऐकू येतंय. आनी कुनाला बोलवायचंय मला?"

मोगरी ही त्याची म्हैस. बाळासो चैत्रात तापानं गेला, आणि त्र्यंबकरावांना दारातून बोलावणारं कुणी उरलं नाही. तांब्या खुंटीशेजारी पालथा पडून होता.

"हॉर्न मेलाय बगा," ज्ञानू म्हणाला. "नुसता कण्हतोय. पाडव्याला समदे गवळी म्हशी पळवत्यात, तुमाला ठावंच हाय. बाकीच्यांच्या मानसामागं पळत्यात, आमची मोगरी दादाच्या गाडीमागं पळायची. औंदा न्हाई पळाली तर आळी म्हनंल, बाळासोसंगं त्याची म्हसबी गेली."

"पळेल," त्र्यंबकराव म्हणाले. इतकं ठाम ते सहसा बोलत नसत.

त्यांनी मन लावून काम केलं. बॅटरीत पाणी भरून ती चार्ज केली, आवाज तसाच. हॉर्न उघडला, आतले काळे पडलेले पॉइंट काचकागदानं घासले. आवाज सुधारला, पण दबलेलाच. शेवटी अर्थिंगची तार जिथं फ्रेमला कसली होती, तो नट ढिला निघाला, खाली गंज. गंज खरवडला, नट आवळला, आवाज कमीजास्त करणारा मागचा स्क्रू लावून घेतला आणि बटण दाबलं. टांग्याचं घोडं बुजलं. पलीकडचा पानवाला दचकून उठला.

"आयला!" ज्ञानू हसला. "पंत, ह्यो तर एस्टीचा हॉर्न झाला की!"

बाळासोला दिलेला शब्द उशिरा का होईना पाळला, असं त्र्यंबकरावांना त्या रात्री वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच ज्ञानू परत आला, तो तणतणतच.

"काय करून ठिवलासा हे? मोगरी रंकाळ्यात बसलीया. हॉर्न दाबला तर पाठ फिरवून आनीक आत गेली!"

त्र्यंबकरावांचं तोंड उतरलं. सात वर्षं तो आवाज आपण ऐकला. एवढं साधं आपल्याच लक्षात यायला हवं होतं. त्यांनी पिशवीत पाना, पेचकस आणि चिंधी टाकली आणि ते ज्ञानूच्या मागे बसले. त्या गाडीवर ते पहिल्यांदाच बसत होते. बाळासो म्हणायचा, चला पन्हाळ्याला जाऊन येऊ. हे म्हणायचे, पुढच्या रविवारी.

रंकाळ्याच्या काठाला पाण्यात पाच-सात म्हशी डुंबत होत्या. कडेला वाकड्या शिंगांची मोगरी.

त्र्यंबकरावांनी स्क्रू थोडा थोडा सैल केला. डोळे मिटून कान दिला. आवाज खाली आला, जाड झाला, घोगरा झाला. "हाच," ते म्हणाले. "हाच बाळासोचा."

ज्ञानूनं बटण दाबलं. मोगरीनं कानसुद्धा हलवला नाही.

"ह्यो न्हाई, पंत."

"हाच होता हो."

"मग तिला इचारा जावा!"

त्र्यंबकराव खाली बसले. ज्या आवाजाची रोज संध्याकाळी वाट पाहिली, तोच आपल्याला आठवत नाही. कदाचित आपण तो कधी नीट ऐकलाच नसेल. कुणीतरी आलंय, एवढंच ऐकलं असेल.

आता राहिला होता अर्थिंगचा नट. केलेलं काम उलटं करत जायचं. त्यांनी तो पाव फेरा सोडला. "दाबा." काही नाही. आणखी पाव. काही नाही. आणखी. या खेपेला हॉर्न आधी गप्पच राहिला, मग अडखळला आणि मधेच तुटून पुन्हा उमटला. बरोबर! बाळासो बटण दाबायचा आणि आवाज क्षणभरानं यायचा.

मोगरीनं मान वर केली.

ती पाणी निथळत बाहेर आली, ज्ञानूला ओलांडून गाडीपाशी गेली. सीट हुंगली. मग दोघांच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत उभी राहिली.

"म्हातारी झालीया," ज्ञानू तोंड फिरवून म्हणाला. "हितं मी उभा हाय, ती तिकडं बगतीया." त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि गाडीला किक मारली. मोगरी चाकामागे येऊन थांबली. आता ती पळणार होती.

"ही तार हलती ठेवलीय," त्र्यंबकराव म्हणाले. "पाडवा निघेल. पण महिन्याभरात सुटेल."

"मग?"

"मग आणा माझ्याकडे."

"आनतो की!"

गाडी निघाली, मागे मोगरी धावू लागली. वळणावर तो बसका आवाज एकदा आला. त्र्यंबकराव पायीच घराकडे निघाले. नटाखाली चिंधीची पट्टी घालून तो हवा तेवढा ढिला, पण कायमचा बसवता आला असता. पाच मिनिटांचं काम. चिंधी पिशवीतच होती. त्यांनी ती बाहेर काढली नव्हती.