पान चारशे अठरा

शिओमी आमच्या नगरपालिकेत आली आणि माझी जेवणावरची वासनाच उडाली.

मी कुरामोची. पर्यावरण विभागात सव्वीस वर्षं. कचरा जाळायच्या नव्या भट्टीचा परिणाम-अहवाल माझा, पानं सहाशे बारा. नियमाप्रमाणे तो महिनाभर काउंटरवर लोकांसाठी ठेवला होता. वाचणाऱ्यानं शेजारच्या वहीत नाव लिहायचं. तीन नावं आली. त्यातलं एक माझ्या बायकोचं, आणि ती आली होती माझी छत्री द्यायला.

त्याच अहवालातून ही कालची पोर बारा पानांची पुस्तिका काढते काय, मोठी अक्षरं आणि निळे बाण घालते काय, आणि गावभर वाहवा होते काय! गल्लीत घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या फाइलीत ती पुस्तिका गेली. एकूण एक घरानं वाचून वाचल्याचा शिक्का मारला.

"कुरामोचीसान, असं लिहायचं असतं," साहेब म्हणाले.

"माहिती सगळी तुमचीच हो," शिओमी म्हणाली. "मी नुसती मांडली."

तिचं हे गोड बोलणं तर मला जास्तच झोंबलं.

शनिवारी दुपारी समाजमंदिरात सभा झाली. भट्टीखालच्या खोऱ्यात राहणाऱ्या हातानो आजी पुस्तिका घेऊन उठल्या.

"सातव्या पानावर हा बाण खाली वळलाय. म्हणजे थंडीत वारा पडला की धूर आमच्या खोऱ्यात उतरणार, असंच ना? अगं, तेव्हा तर आमची पर्सिमनची फळं सोलून वळचणीला सुकायला टांगलेली असतात!"

"हो आजी. वर्षातून चौदा सकाळी तरी."

"शाबास पोरी! तू शोधून काढलंस म्हणून कळलं तरी."

टाळ्या पडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी उभाच राहिलो.

"तिनं नाही, मी शोधलंय! पान चारशे अठरा, तक्ता नववा! दोन हिवाळे पहाटे उठून मी मोजलंय, तीन वर्षांपूर्वी!"

टाळ्या थांबल्या.

"तीन वर्षांपूर्वी?" आजींनी चष्मा काढला. "भट्टीची जागा ठरली ती गेल्या वर्षी. त्या सभेत धुराचं मी तुम्हालाच विचारलं होतं. 'अहवालात सगळं आहे' म्हणालात. तेव्हा तोंडानं का नाही सांगितलंत?"

शिओमीनं मान खाली घातली. आता तिच्याकडे कोणीच पाहत नव्हतं. सगळी सभा माझ्याकडे पाहत होती.